वाक्य क्रमांक चार हजार एकशे बारा

खराडीत, पाचव्या मजल्यावर, एसीखाली शाल गुंडाळून
मी दिवसभर लोकांची वाक्यं वाचते.
नावं काढलेली, गावं काढलेली,
फोन नंबरांच्या जागी फुल्या.
उरतं ते बोलणं.
त्याच्यापुढे मी आकडा ठेवायचा:
शून्य म्हणजे काळजी नको,
तीन म्हणजे धावा.
यातून म्हणे ते ॲप मराठी शिकणार,
रात्री दोनला कुणी लिहिलं तर
कुणाला नुसते श्वास मोजायला सांगायचे
आणि कुणासाठी माणूस उठवायचा, हे त्याला कळणार.

पहिल्या आठवड्यात फार हसलो आम्ही.
'हसून हसून मेले': यंत्राचे आपणहून तीन.
'भुकेनं जीव चाललाय': तीन.
'पोरानं सकाळपासून जीव खाल्लाय': तीन, वर लाल झेंडा, हिंसेची शक्यता.
'सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये जीव द्यावासा वाटतो',
यावर मुमताज तांबोळी म्हणाली, राहू दे तीन, खरंच आहे ते.
मग एकेक जीव हाताला धरून आम्ही
शून्याच्या पायरीवर आणून बसवला,
लावलेला, टांगलेला, भांड्यात पडलेला.
बंगळुरूहून विचारणा आली:
शेवटच्या वाक्यात कुणाला इजा झाली आहे का?

डबा खाताना मुमताज एकदाच बोलली.
माझ्या भावानं आधी असल्याच एका ॲपला सांगितलं,
मला चार महिन्यांनी.
मी रागावले, तर म्हणाला,
तू झोपलेली असायचीस गं.

आणि मग गुरुवारी हे आलं:
'सगळं आवरलंय. दुधाचे पैसे दिलेत. आता निवांत आहे.'
यंत्राचं शून्य. शेजारी हसरा चेहरा.

एम.ए.ला आम्हाला ओगले सर होते.
येरवड्याला घेऊन गेले होते एकदा.
एक बाई अर्ध्या तासात अकरा वेळा 'बरं आहे' म्हणाली.
परतीच्या बसमध्ये सरांनी विचारलं,
यातलं कुठलं बरं नव्हतं?
मी म्हणाले, सातवं.
कशावरून?
तेव्हा तिनं पदराचं टोक सोडलं होतं.

इथे पदर नाही.
तीन पूर्णविराम आहेत, आणि कोपऱ्यात
काढायची राहून गेलेली तारीख: चौदा.
चौदा तारखेला दुधाचे पैसे कोण देतं?

असेल, बाई महिनाभर लेकीकडे निघाली असेल.
असेल, गवळी गावी चालला असेल, मागून घेतले असतील.
मी तीन ठेवले.

पडद्यावर उमटलं: इतर चौघांशी मतभेद. कारण लिहा, शंभर अक्षरांत.
मी लिहिलं, तारीख चौदा आहे.
परत आलं: कारण अपुरं.
मी विचारलं, निदान त्या व्यक्तीला कुणी फोन
उत्तर तत्पर होतं, सभ्य होतं.
ही नोंद आठ महिने जुनी आहे.
पुढे काय झालं याची माहिती
या कामाच्या कक्षेत येत नाही.

नंतरची वाक्यं मी वाचली असणार.
दोनशे सहा झाली, असं हजेरीपत्रक म्हणतं.

संध्याकाळी बस येरवड्याच्या सिग्नलला अडकली.
आईला बार्शीला फोन लावला.
आवरलं का?
हो, सगळं आवरलंय. आता पडते निवांत.
मागून काही ऐकू येतंय का ते मी ऐकत राहिले.
टीव्ही नव्हता. कुकर नव्हता.
आई, दुधाचे पैसे दिलेस?

आज काय एक तारीख आहे का? बावीस आज!
भ्रमिष्टासारखं काय विचारतेस?

शून्य, मी म्हणाले.
काय?
काही नाही गं.

ती लगेच फोन ठेवेना.