पोफळीवरच्या खाचा

पुनोनं विहीर विकली नाही,
नुसतं पाणी विकलं. तीनशे रुपये टँकर.
हिशेब पोफळीच्या खोडावर, कोयत्याच्या खाचांनी.
मीही दोनदा नळी धरली, खोटं का बोला.

पहिला पहाटे चारला येतो.
पीं पीं करत मागे सरकतो,
कुत्री आता भुंकतही नाहीत.
केपे, मडगाव, जुवारीचा पूल;
पर्वरीच्या चढावर थोडं सांडतं.

तिथे नवव्या मजल्यावर
पुनोची सुकांती दुसऱ्यांच्या लाद्या पुसते.
खाली पोहायचा तलाव, मे महिन्यातही काठोकाठ.
मालकीण नाक मुरडते: पाण्याला कसला गं वास?
सुकांतीला माहीत आहे.
आमच्या विहिरीवर ओवळीची फांदी वाकलेली,
फुलं पडून पडून कुजतात.
ती म्हणते, टाकी धुवायला सांगते.

शनिवारी शेवटच्या बसनं आली
पिशवीत दोन बाटल्या घेऊन.
घरी कळशी तळाला खडखडत होती,
नळ दिवसाआड, तोही खोकतो नुसता.
पुनोनं घोट घेतला. तोंडात धरून ठेवला.
"हें आमचेंच."
मग: "कितीला पडली?"
"फुकट."

काळोख होईतो तो
पोफळीवरची एक खाच
अंगठ्यानं घासत बसला होता.