तकली

आमच्या म्हार्दोळात डोक्याला तकली म्हणतात.
शाळेच्या मराठी पुस्तकात तकली म्हणजे
सूत कातायचं काहीतरी, चित्रासकट.
सहावीत मला दोन्ही एकच वाटल्या होत्या.
आज, फार्माकॉलॉजीच्या पेपरला पाच दिवस असताना,
पुन्हा तसंच वाटतंय:
डाव्या भुवईच्या वर कुणीतरी ती फिरत ठेवलीय
आणि मानेच्या मणक्यातून
बारीक, न तुटणारा धागा ओढतंय.

डोकेदुखीच्या सतरा औषधांची नावं मला पाठ आहेत.
कुठलं किती वेळात रक्तात चढतं,
कुठलं पोटाचं अस्तर खातं.
मार्चमध्ये आठवडाभर रोज गोळ्या घेतल्या, तेव्हा
माझ्याच पोटाने प्रात्यक्षिक करून दाखवलं.
तेव्हापासून गोळी फक्त पानावर.

उल्हासमाम सहाणेवर सुंठ उगाळून देतो.
कपाळावर आधी गार, मग मिरची.
दहा मिनिटं वाटतं, एक दुखणं
दुसऱ्याला दारात उभं करून
स्वतः आत येऊन बसलंय.

लिओनोर टीचर फोंड्याच्या बसची वाट बघता बघता म्हणते,
पाणी पी बाय, तुम्ही पोरी पाणीच पीत नाही,
कॉलेजात बाथरूमला कुलूप असतं म्हणून.
हे खरं आहे.
हे कुठल्याच टेक्स्टबुकात नाही.

मीठ घातलेलं कोकम प्याले.
झरीवर जाऊन पाय पाण्यात सोडले.
पाय गार झाले की रक्त खाली उतरतं, असं रूपेश म्हणतो;
कुठे वाचलंस, ते मी विचारलं नाही.
रक्त उतरलं की नाही, ठाऊक नाही.
छोट्या मासोळ्यांनी बोटं चाखून पाहिली
आणि तेवढा वेळ मला
एकही एन्झाइम आठवलं नाही.

घरी आले तर वीज नव्हती.
आई पायरीवर, पुढ्यात सुपात जायो,
देवळात आरतीच्या आत माळा पोचायच्या.
मी दारातल्या उजेडात पुस्तक नाकाला लावून.
ती म्हणाली, "पुस्तक दवर गो.
दोळे धांप आनी म्हण."

मी डोळे मिटून म्हणत गेले.
ती केळीच्या वाखात कळ्या गुंतवत गेली,
एका नावाला एक गाठ,
कठीण नावाला जरा उशिरा.
पापण्यांच्या आत काळं, मग तांबूस, मग नुसतं मऊ.
तकली हळू झाली. थांबली नाही, हळू झाली.

"पॅरासिटामॉल, दिवसाला जास्तीत जास्त तीन ग्रॅम..."
वाखाची सळसळ थांबली.
"काल चार म्हणिल्लें तुवें."

सातवीत शाळा सुटलेली माझी आई.
मी डोळे उघडले.
तिने कळी डोळ्यांच्या इतकी जवळ धरली होती
की पापणी लागावी.
कपाळाला जुन्या साडीची चिंधी करकचून बांधलेली,
जी मी इतकी वर्षं
घामासाठी समजत होते.

"तुजी तकली दुखता?"
"सदांच," ती म्हणाली,
कुणी आजचा वार सांगावा तसं.

मी चिंधी सोडवली. गाठ घट्ट होती,
माळेला मारते तशीच, न सुटणारी.
तेल आणायला आत जायला हवं होतं; गेले नाही.
कळ्यांवर शिंपडायचं पाणी वाटीत होतं,
तेच दोन बोटांनी तिच्या कपाळावर लावलं,
वळ उठला होता त्यावर.
पेपर सोमवारी. मंगळवारी फोंड्याला जायचं,
डोळ्यांच्या डॉक्टरकडे. दोघींनी.
ती नाही म्हणेल. माळांचं कोण बघेल, म्हणेल.

सुपात जायो उमलायला लागल्या होत्या.
हा वास डोक्यात चढतो म्हणून
रोज या वेळी मी खिडकी लावून घेते.
तिने पुढची कळी उचलली, डोळे मिटूनच.

"चार ग्रॅम," ती म्हणाली. "मागीर?"