विनाथांबा

फलाट क्रमांक सहावर लागलेली गाडी
सातारा–दहिवडी–म्हसवड,
पुसेगावमार्गे.
दिवसातून किती वेळा म्हणते, मोजलेलं नाही.
माईकला काळा स्पंज आहे,
अन् दुपारी तीनच्या सुमाराला त्यातून वास यायचा.

मी म्हणाले, स्पंज कुजलाय.
आगारात अर्ज दिला, दोन प्रतींत.
नवा स्पंज आला सात महिन्यांनी,
चौथ्या दिवशी वासही आला
मागच्या दारानं चढल्यासारखा.

दुसऱ्या पाळीचा जालिंदर घाडगे
बसायच्या आधी रुमालानं माईक पुसायचा,
माझ्याकडे न बघता.
भला माणूस.
त्या दिवसापासून पर्समध्ये वेलदोडे.

मग एका सकाळी, गोडोलीत, मोरीपाशी
ठसका लागला आणि हातावर पडला
ज्वारीच्या कणीएवढा
पिवळट खडा.
बोटांत चिरडला.
स्पंज नव्हता तर.

आमच्या चुलत्यांना घशानंच नेलं, तंबाखूनं.
मी तर कधी मिश्रीही लावली नाही.
आरशासमोर मोबाईलचा उजेड धरून
केसांच्या आकड्यानं टोकरलं.
रक्त आलं.
त्या दिवशी कोरेगावची गाडी न पुकारताच गेली.

पोवई नाक्यावर, जिना चढून, डॉक्टर नसरीन बागवान.
आ करा. अजून.
त्या हसल्या नाहीत, म्हणून मी त्यांना मानते.
म्हणाल्या, टॉन्सिलला खळगे असतात,
घास पुढे जातो, एखादा कण मागं राहतो,
त्यावर जंतू, त्यावर चुना धरतो.
कॅन्सर नाही हो.
आणि आकडा पुन्हा घालायचा नाही, तिथं शिरा आहेत.
बोथट चमच्यानं दोन खडे काढले,
कापसावर ठेवून दाखवले,
माझ्याच गाडीतून उतरलेले, बिनतिकिटाचे.

जेवल्यावर कोमट पाण्यात मीठ, गुळण्या.
रात्री ब्रश, जीभ मागपर्यंत घासायची.
सारखेच होत राहिले तर टॉन्सिल काढण्याचं बघू,
आत्ता घाई नाही.
तोंड फार कोरडं आहे तुमचं.
पाणी किती पिता?

आठ तासांत अर्धी बाटली.
कारण खिडकी सोडता येत नाही,
कारण बायकांची मोरी शेवटच्या फलाटाच्या पलीकडं,
कुलूप, किल्ली पार्सल ऑफिसात,
पार्सलवाला चहाला.
हे मी सांगितलं.
त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं नाही, पेन मात्र खाली ठेवलं.

घरी हणमंतला सांगताना
भिंतीकडेच बोलले, तीन वर्षांची सवय.
तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, मला वाटलं,
ते कर्जाला जामीन राहिलो त्याचा राग आहे तुझा.
तो होताच.
पण तोंड फिरवण्याइतका नव्हता रे.

आता खिडकीत पुठ्ठा लावते:
पाच मिनिटांत येते.
पहिल्या दिवशी वडूजचा एक म्हातारा ओरडला,
पगार कशाचा घेता?
पाण्याचा, म्हणाले, आणि चालू लागले
बाटली भरायला, किल्ली मागायला.
मागं तिसऱ्या फलाटावर
विनावाहक विनाथांबा स्वारगेट उभी,
ड्रायव्हर माझ्या आवाजाची वाट बघत.

महिना झाला. मधे एकदा एकच निघाला, बारीक.
जालिंदर अजून पुसतो माईक.
सांगावं वाटतं, आता गरज नाही.
पण तो इतक्या सावकाश पुसतो,
चष्म्याची काच पुसावी तसा.
पुसू दे.