पार्श्वभूमी पांढरी

मालवणात, भरडावरच्या मंगल कार्यालयात,
जिथे आजवर निदान दोनशे नवऱ्या
मी अक्षतांखाली टिपल्या,
तिथे काल एक हिरवा राक्षस
हात धुवायच्या बेसिनशी वाकून
शेपटी पिळत होता.
"काका, कमरेच्या वरचंच घ्या," म्हणाला,
"खाली कॉलेजची पँट आहे."

पोरांनी कॉमिक्सचा मेळा भरवलेला.
मला दिवसाचे अडीच हजार, जेवण धरून.
म्हटलं, मुखवट्यांचं काम सोपं,
कुणी डोळे मिटले का बघायला नको.
चुकलोच.
मुखवट्याच्या आत डोळे मिटले
की मानेला कळतं,
आणि मान फोटोत येते.

रोशन तांडेलचं चिलखत थर्माकोलचं,
बंदरावरच्या मासळीच्या खोक्यांचं.
वर तांब्याचा रंग,
नांग्यांना सायकलच्या ब्रेकच्या तारा.
वाकला की बांगड्याचा वास.
तो वास काही मला टिपता आला नाही,
पण शेजारची चंद्राची सेनापती
नाक मुरडताना आली आहे,
फोटो क्रमांक एक्केचाळीस.

ती शिफा मुकादम.
नऊ छत्र्या मोडून केलेले पंख,
बटण दाबलं की खटकन उघडणारे.
तीनदा माझा क्षण हुकला.
चौथ्या वेळी तिनेच मोजून दिलं:
एक, दोन, आत्ता.

हॉलमध्ये एसी, बाहेर मे महिना.
दार ओलांडलं की लेन्सवर धुकं धरायचं
आणि दहा मिनिटं सगळे वीर
अंघोळीनंतरच्या आरशात उभे.
एका जादूगाराची दाढी कानाशी सुटली होती,
ती एका हाताने धरून
दुसऱ्याने तो भजी खात होता.
असले फोटो त्यांना नको असतात.
मी काढतो.

अंगणात अवकाशयान.
तिकीट वीस रुपये, आत बसून फोटो.
जुनी होडी, मागे तेलाच्या डब्यांची इंजिनं,
सगळ्याला चंदेरी रंग.
ऊन तिरकं झालं की रंगाखालून
नाव वर यायचं, सातेरी प्रसन्न,
आणि नंबरातले तीन आकडे.
तेवढा कोन मी टाळत होतो.

तीनच्या सुमारास दत्ताराम खोबरेकर आले.
लुंगी, बंडी, गळ्यात टॉवेल.
यानाभोवती एक फेरी मारली,
बोटाच्या पेराने फळी वाजवली,
कान लावला.
रांगेतल्या निळ्या तोंडाच्या पोराने विचारलं,
"तुम्ही कोण झालात?"
"मी मालक," ते म्हणाले.
पोराला हे पात्र माहीत नव्हतं,
तरी त्याने सोबत फोटो मागितला.

मग त्यांचा एकट्याचा काढला.
दिवसभर सगळ्यांना सांगत होतो,
छाती पुढे, मूठ वर, हनुवटी जरा खाली.
त्यांना काही सांगितलं नाही.
त्यांनी फळीवर हात ठेवला,
गावाला जाताना कुलूप लागलंय ना
म्हणून दारावर ठेवतात तसा.
ऊन नेमकं तिथेच होतं.

रात्री शटर अर्धं ओढलेलं, तेव्हा आले.
"ह्योच फोटो बारीक करून गावात काय?
फॉर्माक व्हयो. आठ."
म्हटलं, पार्श्वभूमी पांढरी लागते, नियम आहे.
"मगे पांढरी कर."

केली.
कानाच्या कडेने, एकेक केस सांभाळत
चंदेरी पुसत गेलो.
हात खांद्याशीच कापला गेला.
नाव तर कधीच चौकटीबाहेर.
आठ तुकडे, पाकीट, चाळीस रुपये.
सुट्टे नव्हते, राहू दे म्हटलं,
त्यांनी राहू दिले नाहीत.

कचेरीत दिसेल
एक म्हातारा, समोर बघणारा, मागे पांढरं.
डाव्या बुबुळात मात्र, भिंगाखाली धरलं तर,
मी आहे, कॅमेऱ्यामागे वाकलेला,
आणि माझ्या मागे, पंख मिटून,
भजीच्या रांगेत एक सेनापती.

भिंग कोण धरतंय.