उणे एक्क्याऐंशी

पासोड्या विठोबाच्या गल्लीत, स्पीकरच्या दुकानावर
रणपिसे सरांचा क्लास. आम्ही नऊ जण.
आठांना मिसरूड फुटतंय, नववी मी,
डोळ्यांवर चष्मा असून चष्मा शोधणारी.
काकू, तुम्ही इथे कशा?
म्हटलं, शनिवारात माझी अभ्यासिका आहे, बेचाळीस बाकं,
आणि तिसाव्या बाकापुढे वायफाय जात नाही.
दुरुस्तीवाला दर खेपेला पाचशे घेतो
आणि बंद करून चालू करतो.
ते मलाही येतं.

पहिला धडा: हवा एकच आहे.
तार असती तर ज्याची त्याची असती.
इथे सगळ्यांत मिळून एक,
म्हणून बोलण्याआधी ऐकायचं.
कोणी बोलत असेल तर गप्प.
तो थांबला की लगेच तोंड उघडायचं नाही,
मनात एक आकडा धरायचा, उलटा मोजायचा,
शून्य आला की बोलायचं.
पलीकडून ‘पोचलं’ आलं नाही
तर समजायचं, नाही पोचलं. पुन्हा.
मी वहीत उतरवलं, खाली रेघ मारली.
आमच्या सोसायटीच्या मीटिंगला हे कोणी शिकवलं असतं तर!

मग भिंती.
लाकूड थोडं खातं, वीट जरा जास्त,
पाणी पिऊनच टाकतं,
लोखंड तोंडावर दार आपटतं.
तेव्हा मला रॅक आठवले.
अभ्यासिकेच्या आधी तिथे ह्यांचं बाइंडिंग होतं.
मशीन विकलं, कात्री विकली,
आठ फुटी रॅक मीच हलवू दिले नाहीत.
अजून खळीचा वास येतो.

सरांनी फोनमध्ये एक अ‍ॅप घालून दिलं.
ते घेऊन मी बाकाबाकावरून फिरले.
पोरांना वाटलं, शिस्त बघतेय; दोघांनी क्रिकेट बंद केलं.
इथे सगळेच उणे.
दारापाशी उणे चाळीस, माठापाशी उणे सहासष्ट.
शून्याच्या जवळ तो सुखी,
शून्यावर मात्र कोणीच नाही.
रॅकमागे, एकेचाळिसाव्या बाकावर, उणे एक्क्याऐंशी.
तिथे ज्ञानोबा इंगोले, तालुका हदगाव.
कोपऱ्याची फी शंभरानं कमी, म्हणून.
दोन वर्षं. एकदाही तक्रार नाही.
विचारलं तर म्हणाला,
जिन्यात येतंय की काकू, रात्री उतरवून घेतो.

सरांना आकडे दाखवले. म्हणाले,
लांबचा असतो तो हळू बोलतो.
एक वाक्य सांगायला दहांचा वेळ घेतो
आणि तोवर बाकीचे गप्प.
उपाय सोपा आहे. सेटिंगमध्ये कमी वेग बंद करा.
ज्यांना जमत नाही ते आपोआप गळतील,
उरलेले पळतील.
फळ्यावर लिहिलंही त्यांनी.
सर चांगला माणूस. गणितही बरोबर.
मी वहीत घेतलं नाही.

रविवारी शब्बीर वेल्डरला बोलावलं.
रॅकचे तुकडे केले, भंगारवाल्यानं वजन केलं,
एकशे बारा किलो. पैसे मोजून घेतले.
खळीचा वास गेला नाही,
तो लोखंडाला नव्हताच, भिंतीला होता.
राऊटर माझ्या ऑफिसातून काढून
हॉलच्या मधोमध नेला, पंख्याच्या हुकाशेजारी.
तिथवर अठरा मीटर केबल मीच ओढली.
बिनतारी विद्येला शेवटी तार लागतेच.

सोमवारी सकाळी सातला यादी उघडून बसले.
एकेक फोन येत होता, आपलं नाव सांगत होता.
एकेचाळीस नंबर: उणे अठ्ठावन्न.

थोड्या वेळानं ज्ञानोबा उठला,
सवयीनं फोन घेऊन जिन्याकडे निघाला,
अर्ध्या वाटेत थांबला,
हातातल्या फोनकडे बघत राहिला,
मग परत येऊन बसला.
माझ्याकडे एकदा पाहिलं त्यानं.

मी उलटं मोजत होते, सात, सहा, पाच.
बोलले मात्र काही नाही.