उदबत्ती आणि अकरा फुल्या

श्रावणाचा तिसरा आठवडा. चोडण.
मागच्या खोलीत मी उदबत्ती घेऊन फिरतोय,
घंटा नाही, नैवेद्य नाही.
प्रेमावती दारात थांबून बघून गेली,
म्हणाली, भिंतींची पूजा कधीपासून?

धूर सरळ वर चालला की पुढे सरकायचं.
वाकला, की तिथे खडूची फुली.
अशा अकरा:
चौकटीच्या डाव्या अंगाला तीन,
वासे भिंतीत शिरतात तिथे दोन,
एक विजेच्या बटणामागे
(तिथूनही वारा येतो, कुणाला खरं वाटेल)
आणि उरलेल्या पाच
खिडकीतल्या शिंपल्यांच्या तावदानांत.

बत्तीस वर्षं फेरीबोटीवर दोर टाकला.
रायबंदर, चोडण, रायबंदर.
पाण्यावर होतो तोवर कधी शिंकलो नाही.
आता छपराखाली, कोरड्या म्हणायच्या जमिनीवर,
चिऱ्याचिऱ्यांतून पाणी चढतंय,
मागल्या वर्षी घोट्याला होतं, यंदा ढोपराला.
भरती म्हणावी तर ओहोटी कुठाय?

कपाटात साठचा बल्ब दिवसरात्र,
त्याच्या उबेला लग्नातला शालू.
तरी माझ्या पट्ट्यावर हिरवी लव उगवलीच.
मीठ पाझरतं, काडी पेटत नाही,
उशीला तळ्याचा वास.
पश्चिमेच्या भिंतीला झावळ्या बांधल्या होत्या,
त्या बाहेर निवांत कुजतायत.

मग लागलो कामाला.
रद्दीचा लगदा, खळ, वरून चुना,
दाराला सायकलच्या ट्यूबची पट्टी.
फुटक्या शिंपल्यांच्या जागी काय लावावं?
कायतान आपल्या छातीचा जुना एक्स-रे घेऊन आला.
"उजेड येईल यातून, वारा नाही."
आता दुपारी आमच्या पलंगावर
कायतानच्या बरगड्यांची निळी सावली पडते.

त्या रात्री मेणबत्तीची ज्योत हलली नाही.
प्रेमावतीने शाल घडी करून ठेवली.
मी जागा.
काहीतरी राहिलं होतं, काय ते उमगेना.
पहाटेकडे कळलं :
शेवटच्या फेरीचा भोंगा.
नदीवर वाजला असणारच,
फळका जेटीवर नेहमीसारखा आपटला असणार,
खोलीपर्यंत काही आलं नाही.

पाचव्या दिवशी भिंतीला घाम फुटला.
चुन्याला फोड, घड्याळामागे काळी चंद्रकोर.
इनास मिस्त्रीने बोटाच्या पेराने टकटक केली,
डॉक्टर पाठीवर करतात तशी.
"कोंडून घातलीत तिला.
दोन माणसं रात्रभर श्वास टाकतात,
त्यानं जायचं कुठे?"

"तुझी ती उघड," प्रेमावती म्हणाली.
कुठली ते विचारलं नाही मी.
वाशाखालची, नदीकडची.
स्क्रू ड्रायव्हरने लगदा उकरला,
एकेका वर्तमानपत्राची अक्षरं अजून वाचता येत होती.
वारा आला, थंड, खाजणाच्या चिखलाचा वास घेऊन.
तिने काही न बोलता शाल पुन्हा काढली.

रात्री साडेअकराला, अर्धवट झोपेत,
पाठ फिरवून म्हणते, गेली रे तुझी.

पलंग दीड हात सरकवलाय.
तिथे झोत लागत नाही,
पण नेमकं वरचं कौल फुटकं निघालं.
सध्या खाली तांब्या ठेवलाय.
ते आता चवथीनंतर बघू.