किरकोळ

बिलबुकात मी आधी तारीख घालते, मग गाडीचा नंबर,
मग दुखणं, गिऱ्हाइकाच्या तोंडचं, जसंच्या तसं.
कोळपे म्हणाले, लिही पोरी:
"तासभर गुमान चालती. मग मरती.
अर्धा तास बसू दिली की पुन्हा माणसात येती.
टाकी फुल्ल केली की जास्तच."
खंबाटकीत मेली. कात्रजच्या बोगद्यात मेली,
मागच्यांचे हॉर्न ऐकत.
नवले पुलाच्या उतारावर मेली तेव्हा
किन्नर भैरू दगड घेऊन चाकापुढे धावला.
तो दगड अजून केबिनमध्येच आहे.
असू दे, म्हणतो.

निगडीला, ट्रान्सपोर्टनगरात, आमच्या पत्र्याखाली
अब्बांनी बॉनेट उघडलं.
लांब पेचकसाचं टोक पंपावर, मूठ दातांत,
डोळे मिटलेले.
गिऱ्हाइकांना वाटतं, ही जुनी उस्तादी.
मला माहीत आहे, दोन वर्षं झाली,
डावा कान काहीच आणत नाही घरी.
उजवा थोडंफार.
हाडं अजून ऐकतात.

डिझेल फिल्टर, दोन. तांब्याचे वायसर, आठ.
लाइनमध्ये हवा असेल म्हणून हातपंप मारमारून
फेस काढला, फेस संपेपर्यंत,
मग नुसतं डिझेल आलं, फिक्या चहासारखं,
आणि स्पाईन रोडला गाडी मेली.
फीड पंप खोलला. नोझल चिंचवडला पाठवले.
तिथला पोरगा म्हणाला, चाचा, यांना काही झालेलं नाही.
संध्याकाळी गुळाच्या ढेपांवर ताडपत्री ओढताना
कोळपे फोनवर कुणाला तरी:
"मिस्त्री म्हातारा झालाय."
अब्बांनी ऐकलं नाही.
मी ऐकलं.

तिसऱ्या दिवशी अब्बांनी टाकीच सोडून दिली.
पाच लिटरचा कॅन, एक पारदर्शक नळी.
"नसीम, चल. वर धर."
केबिनमध्ये कॅन खांद्याच्या वर धरून
सोमाटण्यापर्यंत आणि परत.
दंड भरून आले. गाडी मेली नाही.
"म्हणजे इंजिन खरं बोलतंय," अब्बा म्हणाले,
"उपाशी राहतंय बिचारं."

पुन्हा टाकी जोडली.
देहूरोडला मेली, अगदी वेळेवर.
भैरू उतरला, खिशातून किल्ली काढली,
टाकीचं झाकण फिरवलं आणि थबकला.
"चाचा, टाकीनं हवा ओढली की! केवढ्यांदा!"
मी दाराच्या पायरीवर होते, मलाही ऐकू आला:
लांब, ओला,
विहिरीतून वर आलेल्या पोहणाऱ्याचा असतो तसा
आत घेतलेला श्वास.

अब्बा टाकीला टेकूनच उभे होते.
त्यांनी भैरूच्या तोंडाकडे पाहिलं,
मग माझ्या,
मग म्हणाले, "हां. ऐकलं."

झाकण नवं होतं, कुलपाचं.
मार्केट यार्डात एका रात्रीत चाळीस लिटर गेल्यावर
कोळप्यांनी बसवलेलं.
जुन्याला सुईएवढं भोक होतं, याला नव्हतं.
"चोराला लावलं न् वारं अडलं," कोळपे म्हणाले,
तीन दिवसांत पहिल्यांदा हसले.

व्हाइसमध्ये झाकण, दोनचं बिट, अर्धं मिनिट.
अब्बांनी चुरा फुंकून टाकला.

"भोकाचं किती?"
"फिल्टर, वायसर लिही. आणि भोक."
भोक कुठल्या रकान्यात, अब्बा?
"किरकोळ."
मी लिहिलं: किरकोळ, शंभर.
फुकट गेलेल्या दोन दिवसांना रकाना नव्हता.
कोळप्यांनी दीडशे दिले, सुट्टे नाहीत म्हणून.
भैरूनं दगड आमच्या दारात ठेवला.

गाडी चौकाकडे वळली तशी अब्बांनी विचारलं,
"काय म्हणते?"
एकसारखी चालतेय, मी म्हटलं. कुठं अडत नाही.
ते मान हलवत राहिले, गाडी दिसेनाशी होऊनही.

तेव्हापासून बॉनेट उघडलं की
बिलबुक काखेत मारून मी जाऊन उभी राहते
त्यांच्या डाव्या बाजूला.